वॉर्डातल्या मावशी आणि माझे बाबा

लोणावळ्याच्या आमच्या हॉस्पिटलात नावाजलेले सर्जन आहेत, हुशार सिस्टर आहेत. पण मी आयुष्यात इतका हेवा कुणाचा केला नसेल, जितका सर्जरी वॉर्डातल्या मावशींचा केला. हे लिहायला संकोच वाटतो. मावशी फरशी पुसतात आणि मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच.

मावशी पेशंटला नावाने नाही, गावाने हाक मारतात. "ए कामशेत, गोळी घेतली का?" "घोरावाडी, किती घोरतोस रं!" आणि ज्यांना आम्ही चार वेळा समजावतो, ते पेशंट मावशींच्या एका हाकेला उठून बसतात. फरशी ओली असेल तर त्या कुणालाही आत सोडत नाहीत. एकदा राऊंडला आलेले मोठे डॉक्टर मुकाट्याने दारात उभे राहिले होते. मला त्याच दारात कुणी विचारतही नाही.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी त्यांच्याकडे कामाच्या ताणाची प्रश्नावली घेऊन गेले.

"मावशी, ताण कधी येतो?"

"तू कागद घिऊन आलीस का येतो."

"कामात तुमच्या मनासारखं काही करता येतं?"

"व्हय तर! कुटला कोपरा आधी पुसायचा, ते मीच ठरवते."

संध्याकाळी त्यांचे पाय सुजतात. ते मात्र त्यांनी लिहू दिलं नाही. "नगं बाई, दुसऱ्या वॉर्डात टाकतील."

मग आमच्या भाजे गावाहून माझे बाबा हर्नियाच्या ऑपरेशनला आले. ट्रॉली आली आणि बाबा कॉट सोडेनात. घाबरले होते. मी भूल म्हणजे काय, टाके किती, सगळं नीट सांगितलं. त्यांनी माझ्या पांढऱ्या कपड्यांकडे पाहिलं आणि मावशींना विचारलं, "मावशी, तुमी येता का संगं?"

"पोरगी हाय की!"

"ती अजून शिकतीया."

मावशींनी हात धरला, तसे बाबा निमूट ट्रॉलीवर आडवे झाले. मी फाईल छातीशी धरून मागून चालले. डोळे भरले होते. बाबांच्या काळजीने की हेव्याने, खरंच सांगता येणार नाही.

अर्ध्या वाटेत मावशी थांबल्या. "ए भाजे, फाईल दे हिकडं. हात तू धर, माजा खांदा दुखतोय."

खांदा दुखत असल्याचं त्या कधीच बोलल्या नव्हत्या. बाबांचा हात गार पडला होता. तो मी शेवटचा कधी धरला होता, आठवेना. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी हात सोडताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नंतर मावशींकडेही पाहिलं. तेवढं जरा लागलंच.