मी पास केलेलं तेल

आमच्या घरी मोटारीचं तेल आजवर एकदाच बदललं, आणि तेही बदललं नाही.

लढाईचे दिवस होते. दादा फौजेत होता आणि त्याच्या मित्राकरवी निरोप आला होता : रविवारी संध्याकाळी पाचला आमची ट्रेन जबलपूरला वीस मिनिटं थांबेल. आईनं लगेच डिंकाचे लाडू करायला घेतले. बाबांनी ठरवलं की स्टेशनवर जायचं ते स्वतःच्या मोटारीनं! (मोटार सेकंडहँड. दादा जाताना म्हणाला होता, "बाबा, मी परत येईपर्यंत ही अंगणातून हलत नाही, लिहून घ्या." ते बाबांच्या मनाला फार लागलं होतं.)

बाबा फॅक्टरीत तपासणी खात्यात होते. त्यामुळे साधं तेल बदलायचं, तरी आधी त्याचं ड्रॉइंग झालं. मग खोक्यांच्या फळ्यांचे दोन उतरते रॅम्प झाले. त्यांवर शेजारचे तिवारीजी आणि त्यांचे दोन जाडजूड मेहुणे उभे करून मजबुती तपासली. बडा फुहाऱ्याच्या बाजारातून सुटं इंजिन ऑइल आणलं, तुपाच्या दोन रिकाम्या डब्यांत. एक डबा पुरतो, पण फॅक्टरीच्या माणसाला स्पेअर लागतोच. आईचे लाडूही तसल्याच तिसऱ्या डब्यात.

रविवारी दुपारी दोनला मोटार रॅम्पवर चढली. बाबांनी माझ्या हातात खडू दिला.

"जो काम करतो त्यानं स्वतःचं काम तपासायचं नाही, हा नियम आहे. बेबी, तू इन्स्पेक्टर. बरोबर वाटलं तर लिही ओके."

माझी निवड योग्यतेवर झाली होती. मोटारीचं पुस्तक इंग्रजीत होतं आणि ते घरात मीच पूर्ण वाचलं होतं. अडचण एवढीच, की मला वाचता येतं, बोलता येत नाही. चार माणसं समोर असली की माझं मराठी घशात अडकतं, आणि अंगणात तर निम्मी कॉलनी जमली होती.

बाबा मोटारीखाली सरपटले. "परात!"

आईनं कणकेची परात दिली. (दुसरं काही सापडेपर्यंत "परात! परात!" अशा चार आरोळ्या झाल्या होत्या.) खालचा एक बोल्ट सुटला आणि परातीत तेल उतरू लागलं. घट्ट, मधासारखं, सोनेरी.

पुस्तकात लिहिलं होतं, इंजिनाचं जुनं तेल काळं असतं. पुस्तकात असंही चित्र होतं, की खाली दोन बोल्ट असतात, एक इंजिनाचा, एक गिअरबॉक्सचा. मला सगळं दिसत होतं.

"इन्स्पेक्टर! पास?"

तिवारीजी माझ्याकडे बघत होते. मेहुणेही बघत होते. मी बंपरवर लिहिलं : ओके.

बोल्ट परत बसला. बाबांनी आधीच भरलेल्या इंजिनात आणखी एक डबाभर तेल ओतलं, मग मोजपट्टी काढून पाहिली.

"काहून एवढं वर येऊन राहिलं?"

"पट्टीच चुकीची असेल," आई म्हणाली.

"पट्टी कशी चुकीची असेल? लोखंडाची आहे!" आणि बाबांनी मोटार सुरू केली.

एवढा धूर मी जन्मात पाहिला नाही! निळा, जाड, थेट पलीकडच्या कांचघर मोहल्ल्यापर्यंत दिसेल असा. तिवारीजी आमच्या कॉलनीचे हवाई हल्ल्याचे वॉर्डन. लढाई सुरू झाल्यापासून गळ्यात शिटी अडकवून ते एका संधीची वाट बघत होते.

"बम गिरा! सब खंदक में! चलो, चलो!"

शिटी वाजली. क्वार्टरांसमोर खणलेल्या खंदकात आम्ही अकरा जण कोसळलो. बाबा मोटार बंद करून सर्वांत शेवटी आले, पाना हातात घेऊन. मेहुणे माझ्या पायावर. वर धूर. बाबा पुटपुटले, "साडेतीन वाजले. आता काही मोटार जात नाही. पोरगा खरंच बोलला होता."

आणि तेव्हा, अकरा माणसांसमोर, माझा घसा मोकळा झाला.

"बाबा, ते गिअरबॉक्सचं तेल होतं!"

बाबा पान्यासकट माझ्याकडे वळले.

"तुला केव्हा कळलं?"

"परातीत पडत होतं तेव्हाच."

"मग पास काहून केलं?"

"तिवारीजी बघत होते."

"अरे बिटिया, हम तो ऐसे ही खड़े थे!" तिवारीजी कळवळले.

बाबा रागावले नाहीत. "चूक कळली ना? मग ती दुरुस्त होते. चला!" परातीतलं तेल आईच्या जुन्या पातळातून गाळून गिअरबॉक्सात परत गेलं. इंजिनातलं जास्तीचं काढलं. सगळं बदलायला वेळ होता कुठे? इंजिनातलं जुनं तेल तेवढं बदलायचं राहिलंच. पण साडेचारला मोटार रॅम्पवरून गुरगुरत उतरली!

"बेबी, डबा घेतला?" आई ओरडली.

आता मी बदललेली मुलगी होते. ओट्यावरचा जड डबा उचलला, त्यावर ठसठशीत ओके लिहिलं आणि सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं ओरडले, "घेतला!"

आम्ही वेळेत पोचलो. दादानं बाहेर उभी मोटार स्टेशनच्या पुलावरून पाहिली आणि कान पकडले. बाबांचे डोळे भरून आले, ते म्हणाले धुरानं. ट्रेन सुटताना मी धावत जाऊन खिडकीतून डबा दिला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. दादा सुखरूप होता. पुढे लिहिलं होतं : "आई, लाडू आमच्या ट्रकनं एकट्यानं संपवले. ड्रायव्हर म्हणतो, इंजिन असं कधी चाललंच नव्हतं. डब्यावर ओके कोणी लिहिलं?"

बाबा उठले. 'स्पेअर तेल, हात लावू नये' म्हणून व्हरांड्यात जपलेला डबा त्यांनी उघडला. डिंकाचा वास घरभर पसरला. पहिल्यांदा मी पाहूनही बोलले नव्हते. दुसऱ्यांदा न पाहताच बोलले होते.

बाबांनी एक लाडू स्वतः घेतला, एक मला दिला आणि हात पुढे केला. "खडू."

मी मुकाट्यानं खडू दिला. लाडू मात्र नीट तपासला. पास!