मैदानावर मारलेलं पाणी

सत्यभामा आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. ती आमच्यात सगळ्यात चपळ. सुटलेल्या शेळीला धावत गाठून कानाला धरून आणायची. पण दूध सोसायटीच्या कबड्डी स्पर्धेत मुलींचं काम एकच. घरून घागर आणायची, मैदानावर शिंपडायची, बाजूला व्हायचं. धूळ बसली की मुलं खेळायची. सत्यभामाही बाजूलाच उभी राहिली.

पुढं तिचं लग्न झालं, पण ती सासरहून कायमची परत आली. हट्टानं शिकली. तेलगावजवळच्या आमच्या गावात, त्याच शाळेत मानधनावर खेळ शिकवू लागली. मुलं-मुली एकत्र.

पहिल्याच दिवशी मुलांचा कप्तान बंकट म्हणाला, "बाई, कबड्डी पोरींची न्हाई. लागतं त्यांना."

"तुला लागत न्हाई?"

"लागतं की."

"मग तू कावून खेळतो?"

सत्यभामानं त्याला मुलींवर चढाईला पाठवलं. त्यांच्यातल्या कडूबाईनं त्याचा घोटा पकडला, तो काही सुटेना. सगळी पोरं हसली, शेवटी तोही हसला. त्या दिवसापासून ती पोरं प्रत्येक गोष्टीला 'कावून', म्हणजे का, असं विचारू लागली.

यंदा मुलींचा एक सामना ठेवा, एवढंच सत्यभामाचं मागणं होतं. सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव "ठेवू की" म्हणाले होते.

स्पर्धेच्या दिवशी ते माइकवरून म्हणाले, "पोरींनो, पाणी मारा. तुमची संगीत खुर्ची मागून हाय."

"आन् कबड्डी?" कडूबाईनं विचारलं.

"ती गड्यांची. हातपाय मोडला तर कोण बायको करून घेईल तुमाला?"

"मग खुर्चीवर बसायला पाणी कशाला मारायचं, दादा?"

माणसं खो खो हसली. अर्जुनराव हसले नाहीत. मुली भरल्या घागरी घेऊन घरी वळल्या. विहिरी आटल्या होत्या. कुणाच्याही घरी ते पाणी जास्त नव्हतं.

मग अर्जुनरावांनी वस्तीकडं निघालेला टँकर मैदानाकडं वळवला. प्यायचं पाणी. मी समोर उभी होते. सगळा टँकर मातीत रिकामा झाला. वस्तीवरून बायका रिकामे हंडे घेऊन धावत आल्या. म्हातारी बायनाबाई गुडघ्यावर बसली आणि डबक्यातलं गढूळ पाणी तांब्यात भरू लागली. तिला बाजूला व्हायला सांगितलं, कारण सामना सुरू व्हायचा होता.

शिट्टी वाजली. बंकट रेषेपाशी आला, पण आत गेला नाही.

"आमाला टँकर, त्यांना खुर्ची. कावून, दादा?"

"खेळ बे गुमान!"

बंकट खाली बसला. त्याच्यामागं त्याचा सगळा संघ बसला.

शिट्ट्या वाजत राहिल्या. दुपारपर्यंत मैदान वाळून भेगाळलं. त्यावर चढाईचं एकही पाऊल उमटलं नव्हतं.

सोमवारी शाळेनं सत्यभामाला काढलं. पोरांना उलटून बोलायला शिकवते म्हणून. हेडमास्तरांसमोर अर्जुनराव बसले होते. सत्यभामा त्यांनाच म्हणाली, "मला काढलं, ठीक. त्या पोराला उत्तर देलं का?"