चेअरमनचं तोंड वाकडं झालं तेव्हा

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या दूध सोसायटीत दूध जवळजवळ येत नव्हतं, पण वार्षिक सभा मात्र थाटात भरली. माझे चुलते चेअरमन. पारावर उभे राहून ते बोलत होते आणि घरातला शाळामास्तर म्हणून टाळ्या सुरू करून द्यायला मी पुढं बसलो होतो.

बोलता बोलता त्यांचे शब्द एकमेकांत घुसायला लागले. कुणाला वेगळं वाटलं नाही. त्यांचं भाषण समजण्याची सवय आम्हाला नव्हतीच. मी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या.

तेवढ्यात त्यांचा जुना विरोधक उठला. "थांबा. चेअरमनचं तोंड वाकडं झालंय."

"नीट बोल बे," म्हणत आमच्या गटातला एकजण अंगावर गेला.

विरोधक सरळ पारावर चढला. "चेअरमन, जरा हसा बघू."

"तुज्याकडं बघून ते कधी हसलेत का?" मागून कुणीतरी म्हणालं. चुलते हसायला गेले, तर ओठाची एकच बाजू हलली. मग विरोधकानं दोन्ही हात वर करायला सांगितले. डावा गेला. उजवा अर्ध्यातूनच खाली आला.

"लकवा हाय ह्यो. माज्या बापाचं असंच झालतं. सकाळी बघू म्हणलो अन् बाप गेला. जीप काढतो."

विरोधकाच्या जीपमधून चेअरमन गेले तर गावात काय दिसेल, यावर आमच्या गटात चर्चा सुरू झाली. एकजण कबुतर शोधायला पळाला. त्याचं रक्त चोळलं की वारं उतरतं म्हणे. दुसऱ्यानं लिंबूपाणी ओठाला लावलं. विरोधकानं तांब्या काढून घेतला. "काई पाजू नका. ठसका लागंल."

चुलती बायकांतून उठून आली. "तुमचं सावकाश ठरू द्या," ती आम्हाला म्हणाली. "तवर आमी बीडला पोचतो."

मीही जीपमध्ये चढलो. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, नेमकं कधी सुरू झालं? आम्ही घरच्यांनी विरोधकाकडं बघितलं. तो म्हणाला, "भाषणात चारा छावणीपर्यंत चांगले बोलत होते. टँकरच्या मुद्द्यावर आले अन् जीभ जड झाली. तास-सव्वा तास झाला आसंल."

मेंदूत गुठळी निघाली. ती विरघळवायचं इंजेक्शन लगेच दिलं. उशीर झाला असता तर ते देता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

चुलत्यांचा हात थोडा अधू राहिला, बोलणं परत आलं. पुढच्या निवडणुकीत विरोधकाला त्याच्याच गटानं उमेदवारी दिली नाही. चेअरमनला वाचवणारा माणूस भरवशाचा कसा, म्हणाले. चुलते विरोधकाच्या घरी जाऊन त्याच्या गटाला शिव्या देऊन आले. त्या आम्हाला स्पष्ट समजल्या.