पडद्याकडे पाठ

सरूमावशी सिनेमाला अगदी वेळेवर यायच्या आणि पडद्याकडे पाठ करून बसायच्या.

आमच्या गारखेड्यातल्या सोसायटीत महिन्यातून एका रविवारी दुपारी, हॉलच्या खिडक्यांना चादरी लावून, सोसायटीच्या प्रोजेक्टरवर सिनेमा दाखवतात. बहुतेक वेळा खुनाचाच. दुसरं काही लावलं तर अर्धी माणसं भाजी आणायची आठवण होऊन उठतात. आम्ही सगळे पडद्याच्या भिंतीकडे तोंड करून बसायचो आणि मावशी त्याच भिंतीला, पडद्याच्या कडेला टेकून, आमच्याकडे तोंड करून, मांडीवर भाजलेल्या शेंगांची परात घेऊन. मला आधी वाटलं, त्यांना डोळ्यांचा काही त्रास असावा.

"डोळे चांगलेत. सवय हाय," त्या म्हणाल्या. "हर्सूलच्या जेलात बायांना पिक्चर दाखवायचे, तवा आम्ही शिपाई पडद्याकडं पाठ करून उभ्या. लक्ष बायांवर. मारामारी आली की बाया हसायच्या. कोर्ट आलं की समद्या गप. मला पिक्चर बायांच्या तोंडावर दिसायचा."

नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, तरी घड्याळाची तबकडी त्या अजून मनगटाच्या आतल्या बाजूलाच ठेवायच्या. कोणी "जेलरमावशी" म्हटलं की लगेच दुरुस्त करायच्या, "जेलर न्हवं, शिपाई. उगं बढती देऊ नका."

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. चारचौघांत मराठी बोलताना माझं वाक्य मध्येच अडतं आणि कोणीतरी हसतं. म्हणून मी कडेला, भिंतीजवळ बसायचे, म्हणजे आपोआप मावशींजवळ. एकदा धीर करून त्यांना मी वाचलेलं काहीतरी सांगितलं. पूर्वी सिनेमात सावकार वाईट असायचा, मग स्मगलर आला, मग बिल्डर, आणि आता फोनवरून खातं रिकामं करणारा. समाज ज्याला घाबरतो, तोच खलनायक होतो.

मावशींनी शेंग फोडली. "ते पिक्चरवाल्याचं झालं. समाज बघायचा तर हिकडं तोंड करून बस."

इंटरवलला चहा आला की त्या सगळ्यांना विचारायच्या, "बोला, कोणी मारलं?" उत्तरं धडाधड यायची. ड्रायव्हर. स्वयंपाकी. माळी.

"बंगल्यात धा माणसं, अन् तुमचं बोट नोकरावरच कामून जातं?"

"मावशी, सिनेमा आहे हो!" आमचे चेअरमन जोशीकाका म्हणायचे.

"व्हय, म्हणून तर खरं बोलायलात."

सगळे हसायचे. सर्वांत मोठ्याने जोशीकाका.

मग एका रविवारी हॉल उघडला तर प्रोजेक्टर जागेवर नव्हता. हॉलच्या किल्ल्या दोन; एक जोशीकाकांच्या घरी, दुसरी वॉचमन सांडूमामांच्या जुडग्यात. सांडूमामा सिल्लोडकडचे, चार वर्षांपासून गेटवर. पाच मिनिटांत सगळं ठरलं. कोणी म्हणालं, हल्ली ते फोनवर फार हळू बोलतात. कोणी म्हणालं, परवा त्यांनी नजर चुकवली. जोशीकाकांनी त्यांना समोर उभं केलं आणि सांगितलं, "पोलिसात देत नाही, हे उपकार समजा. आजच सामान उचला."

"साहेब, मी न्हाय नेला," एवढंच सांडूमामा परत परत म्हणत होते.

शुक्रवारी सकाळी मी जोशीकाकूंना प्रोजेक्टरची निळी बॅग घेऊन रिक्षात बसताना पाहिलं होतं. त्या भाचीच्या हळदीला फर्दापूरला गेल्या होत्या आणि अजून परतल्या नव्हत्या. पण चेअरमनसमोर, त्यांच्याच बायकोचं नाव, इतक्या लोकांत? कोणीतरी दुसरं बोलेल, असं मला वाटत राहिलं.

मावशी नेहमीसारख्या भिंतीला टेकून सगळ्यांची तोंडं बघत होत्या. माझ्यापाशी येऊन थांबल्या आणि शेजारी बसल्या.

"तुला काय तरी ठावं हाय."

मी हळूच त्यांना निळ्या बॅगेचं सांगितलं. "तुम्ही सांगा ना, मावशी."

"पाह्यलं तू, अन् सांगू मी?" त्यांचा आवाज खाली आला. "माह्याकडं जेलात एक बाई व्हती. शेजारणीनं समदं पाह्यलं व्हतं, पर कोर्टात गेली नाय. लाजली. नंतर दर महिन्याला भेटीला यायची, लाडू घेऊन. सात वर्सं लाडू आणले तिनं."

बाहेर सांडूमामा खुर्चीखालून आपली पिशवी काढत होते.

मी उभी राहिले. काय बोलले ते आता नीट आठवत नाही. पहिलं वाक्य अर्धं इंग्रजीत गेलं आणि कोणीतरी हसलंही. पण "जोशीकाकू" आणि "निळी बॅग" हे शब्द स्पष्ट आले असावेत, कारण सगळ्यांच्या माना जोशीकाकांकडे वळल्या.

जोशीकाकांनी सगळ्यांसमोर स्पीकरवर फोन लावला. मागे ढोलकी वाजत होती. "अहो, तुम्हाला विचारून आणला की!" काकू ओरडल्या. "नवरीमुलीचे लहानपणचे फोटो भिंतीवर दाखवायला. तुम्ही मॅच बघत हो हो म्हणालात!"

हशा पिकला. जोशीकाकांनी घाम पुसला. "चला, मिटलं! चहा सांगा."

"बसा," मावशी म्हणाल्या. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. उभी असलेली माणसं खरंच खाली बसली. "चोर म्हणायला समदे व्हते. चोर नाय म्हणायला बी समदेच थांबा."

सांडूमामांना आत बोलावून जोशीकाकांनी हात जोडले. मग एकेकाने. सांडूमामांना ते आरोपापेक्षा जड जात होतं. "बास आता," ते म्हणाले, "मला गेटवर जाऊ द्या, गेट उघडंच हाय."

प्रोजेक्टर सोमवारी परत आला, हळदीच्या पाच बोटांसकट. पुढच्या सिनेमाच्या इंटरवलला मावशींनी नेहमीचा प्रश्न विचारला, तर कोणी बोलेना. अखेर दारातून सांडूमामा म्हणाले, "माळी असंल. लई गोड बोलायलाय." मावशी इतक्या हसल्या की परातीतल्या शेंगा सांडल्या.

दिवाळीनंतर त्या लेकीकडे जालन्याला राहायला गेल्या. सामान टेम्पोत चढत असताना मी त्यांना विचारलं, "आम्ही सुधारलो का हो, मावशी?"

"नाय," त्या म्हणाल्या. "पर आता नाव घ्यायच्या आधी जरा थांबायलेत. माह्या नोकरीत एवढ्याला बी लई म्हणायचे."