बॉनेटवरचं कुंकू

आमचे हे सीवूड्सला एका साहेबांची गाडी चालवतात. अकरा वर्षं झाली. साहेब गाडी धुवायला बाहेर देत नाहीत. दर रविवारी ह्यांनीच ती धुवायची, पॉलिश करायची, वर मेण लावायचं. ह्यांच्या आधी जो ड्रायव्हर होता त्याला दारावरच्या एका ओरखड्यापायी काढलं होतं. हे आता बावन्न वर्षांचे आहेत. ह्या वयात दुसरीकडे कोण ठेवून घेणार, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे, म्हणून त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

दसऱ्याच्या आधी साहेबांच्या सोसायटीत पार्किंगचं काम निघालं. साहेब आणि मॅडम लेकीकडे बेंगळुरूला चालले होते. जाताना ह्यांना म्हणाले, आठ दिवस गाडी तुझ्या दारात ठेव. आमची कोपरखैरण्याची गल्ली अरुंद आहे. पांढरीशुभ्र गाडी तिथे उभी राहिल्यावर आमची खोली एकदम लहान दिसायला लागली. पोरं चेंडू घेऊन आली की माझा जीव वरखाली व्हायचा. ओरडून हाकलणं मला जमत नाही. मी नुसती दारात उभी राहायची, एवढंच.

दसऱ्याच्या सकाळी हे म्हणाले, "हार घाल, कुंकवाचं एक बोट टेकव, बास."

गावाला आम्ही विळ्याची, खुरप्याची, सायकलची पूजा करायचो. मोटारीची मी कधीच केली नव्हती. मला वाटलं, ही गाडी आमचं घर चालवते, तिला एका बोटावर कसं भागवायचं? मी वाटीत कुंकू पाण्याने चांगलं दाट कालवलं आणि बॉनेटच्या मधोमध ताटाएवढं स्वस्तिक काढलं. चार कोपऱ्यांत हळदीचे ठिपके दिले. झेंडूचा आणि आंब्याच्या पानांचा हार घातला, नारळ ओवाळला.

हे अंघोळ करून बाहेर आले आणि हसायलाच लागले. "अगं, साहेबांची गाडी आहे ती, रिक्षा नाही."

संध्याकाळी ह्यांना गावाला जायचं होतं, त्यांचे मामा आजारी होते. निघताना फडकं घेऊन म्हणाले, "पुसून टाकतो."

मी म्हणाले, "अहो, आजच्या आज देवाचं पुसू नये. उद्या मी पुसते."

त्यांनी फडकं ठेवलं. माझं ऐकलं त्यांनी. पुढे जे झालं ते त्या एका वाक्याने झालं.

दुसऱ्या दिवशी कामं उरकून मी गाडीशी गेले तेव्हा दुपार झाली होती. ऑक्टोबरचं ऊन, पत्रा तव्यासारखा तापलेला. ओल्या फडक्याने कुंकू निघालं. पण खाली गुलाबी स्वस्तिक तसंच होतं, चारी हातांचं. मला वाटलं कुंकू राहिलंय. पुन्हा पुसलं. मग साबणाने पुसलं. गुलाबी रंग हलेना. हळदीचे ठिपके होते तिथे पिवळे डाग होते आणि हाराची पानं जिथे टेकली होती तिथेही पुसट पिवळी नक्षी उठली होती.

फडकं तिथेच टाकून मी घरात गेले.

ह्यांचं सामान मोरीशेजारच्या फळीवर असतं. पाच-सहा बाटल्या, डबे, फडकी. बाटल्यांवर सगळं इंग्रजी. मी चौथीपर्यंत शिकलेले, तेही मराठी शाळेत. कुठली बाटली चाकांची आणि कुठली रंगाची ते मला ओळखता येईना. चुकीची लावली तर? म्हणून मी त्यांच्या सामानाला हात लावला नाही. माझ्या ओळखीचं होतं ते घेतलं. अर्धं लिंबू आणि समया घासायची पावडर. तांब्यापितळेवरचे किती जुने डाग मी त्याने काढलेत. घासणी घेतली आणि घासलं.

डाग निघत होता. मला आनंद झाला. मी आणखी जोर लावला.

पाणी ओतलं तेव्हा बॉनेट चमकत होतं, आणि मधोमध ताटाएवढी जागा चमकत नव्हती. मोतीबिंदू झालेला डोळा दिसतो ना, तशी. वर बारीक बारीक गोल रेघा. आणि त्या धुरकट जागेत, वाकून बघितलं की, स्वस्तिक अजून होतंच.

शेजारच्या बाई दारात बसून बघत होत्या. त्या इथल्याच, जुन्या गावातल्या. म्हणाल्या, "वैनी, किती पानी वतता? गाडी हाय का म्हैस हाय?"

मी हसल्यासारखं केलं आणि घरात जाऊन पलंगपोस आणला. बॉनेटवर घातला, चार कोपऱ्यांना दगड ठेवायला निघाले, मग दगडांनी आणखी ओरखडे पडतील म्हणून घाबरले आणि कडा बॉनेटच्या फटीत खोचल्या.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. ह्यांचा फोन आला की मी मामांची तब्येत विचारायची. "गाडी बरी आहे ना?" "बरी आहे," म्हणायची. खोटं बोलताना माझा आवाज बारीक होतो. त्यांना वाटलं मामांची काळजी करते.

हे आले त्याच दिवशी चार वाजता गाडी सीवूड्सला पोहोचवायची होती. साहेब दुपारी परत येणार होते. चहा पिऊन ह्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"चादर कशाला घातलीस?"

"कावळे बसतात."

"हुशार आहेस," म्हणाले. ते ऐकून मला रडायला आलं.

हे नेहमी चाकांपासून सुरुवात करतात. चाकांची काळी घाण सगळ्यात वाईट, ती रंगावर उडता कामा नये म्हणून. चाकांची बादली वेगळी, ब्रश वेगळे. आरे घासायला बाटली धुवायच्या ब्रशासारखा एक लांब ब्रश आहे. मी पाणी धरायचं. एक चाक झालं की मी मोजायची, अजून तीन. मग दोन. मला वाटायचं चाकं संपूच नयेत. हे मात्र मजेत होते, गावाकडच्या गोष्टी सांगत होते. मामा उठून बसले, पेज खाल्ली. मी हूं हूं करत होते आणि पलंगपोसाकडे बघत होते.

चाकं झाली. मग दोन बादल्या भरल्या, एक फेसाची, एक साध्या पाण्याची. टपापासून खाली धुवायचं. टप झाला, काचा झाल्या.

"काढ चादर."

माझा हात उठेना. त्यांनीच ओढली.

गाडी ओली असताना ती जागा कमी दिसते. त्यांनी फेस लावला, पाणी मारलं, आणि मग थांबले. पाण्याची धार चालूच होती, पायावर पडत होती.

"काय लावलंस?"

"लिंबू."

"आणि?"

"समईची पावडर."

"फडक्यानं?"

मी मोरीकडे बघितलं. त्यांनीही बघितलं, तिथे घासणी होती. त्यांनी नळ बंद केला. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उंबऱ्यावर बसले आणि तोंडावरून ओला हात फिरवला. मग म्हणाले, "किती वाजले?"

साडेअकरा वाजले होते.

गाडी ढकलत भिंतीच्या सावलीत घेतली. पत्रा निवेपर्यंत त्यांनी पाणी मारलं. मग हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून ते बॉनेटवर हात फिरवत राहिले, अशाने बारीक खरखरही बोटाला कळते. पिठाच्या गोळ्यासारखी एक माती आहे, ती ओल्या रंगावर फिरवली की बसलेली धूळ ओढून घेते. ती फिरवली. मग पॉलिश. छोट्या स्पंजावर वाटाण्याएवढं घ्यायचं आणि एका तळहाताएवढ्या जागेवर घासत राहायचं. सव्वा तास ते त्या ताटाएवढ्या जागेवर वाकले होते. त्यांच्या कमरेचं दुखणं मला ठाऊक आहे. मी फडकी धुवून देत होते. एक फडकं हातातून खाली पडलं. मी उचलून झटकलं.

"टाक ते! मातीचा कण लागला तर?" पहिल्यांदाच आवाज चढला. मी ते दूर ठेवलं, आणि मला जरा बरं वाटलं.

धुरकटपणा गेला. रेघा बऱ्याच गेल्या. शेवटी मेण लावलं, पांढरं सुकू दिलं, मऊ फडक्याने पुसलं. पाण्याचे चार थेंब टाकले तर मोत्यांसारखे उभे राहिले. समोरून बघितलं तर काही दिसत नव्हतं. बाजूने, उन्हाकडे तोंड करून बघितलं तर फिकट गुलाबी स्वस्तिक दिसत होतं.

हे म्हणाले, "रंगात मुरलंय. सांगतो पक्ष्यांनी घाण केली होती, माझं लक्ष नव्हतं."

"तुमचं लक्ष नव्हतं असं सांगणार?"

"मग काय सांगू?"

मी साडी बदलली. ते बघत राहिले. "तू कुठे?" मी म्हणाले, "येते." अकरा वर्षांत मी साहेबांशी समोरासमोर एक शब्द बोलले नव्हते. फोन आला तर "हे घरात नाहीत" एवढंच.

रस्ताभर मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते. सोसायटीच्या दारात गाडी लावली. साहेब आणि मॅडम खाली आले. साहेबांनी गाडीला एक चक्कर मारली आणि बॉनेटपाशी थांबले. ऊन त्या बाजूनेच होतं.

"हे काय?"

"साहेब, ते पक्ष्यांनी..." हे बोलायला लागले.

"नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. "नाही साहेब. मी केलं. दसऱ्याचं कुंकू लावलं. हे पुसत होते, मी पुसू दिलं नाही. मग मीच घासलं."

"कशानं?" मॅडमनी विचारलं.

"समईच्या पावडरीनं. घासणीनं."

मॅडमनी तोंडावर हात धरला. हसल्या की काय ते मला कळलं नाही, मी खाली बघत होते. साहेब वाकले. बराच वेळ वाकून बघत होते.

मग ते सरळ झाले आणि ह्यांना म्हणाले, "इथे परत पॉलिश मारू नकोस. रंग पातळ होईल." आणि दोन पावलं गेल्यावर, "उद्या साडेआठ."

माझ्याशी ते काहीच बोलले नाहीत.

घरी येताना मी विचारलं, "म्हणजे काढलं नाही ना?"

"साडेआठ म्हणाले ना."

"उद्या बोलावून काढतील मग?"

"अगं, काढायचं असतं तर पॉलिशचं कशाला सांगितलं असतं?"

मला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी हे परत येईपर्यंत मी दोनदा भात करपवला. दारात त्यांचा चेहरा बघितला, चपला काढायच्या आत विचारलं. "आहे नोकरी अजून," म्हणाले. तिसऱ्या दिवशीही विचारलं. चौथ्या दिवशीही. आठवडा झाल्यावर ते वैतागले.

"आता तूच जाऊन विचार साहेबांना," म्हणाले. "तुला बोलता येतं की."