पाळकबाबांची बदली

रस्त्यात जो भेटेल त्याचं ओझं पाळकबाबा आपल्या हातात घ्यायचे. बाजारातून येणाऱ्या म्हातारीची पिशवी, मेंढक्याच्या खांद्यावरचं कोकरू, काहीही. निघालेले असायचे आपल्या कामाला आणि पोचायचे भलत्याच्याच दारात. मी या गावचा सरपंच होतो. माझ्या हातात कुणी कधी पिशवी दिली नाही.

बाबा मूळचे सांगलीचे. म्हसवडच्या पुढे आमच्या गावात छोटं चर्च आहे, तिथले ते पाळक. गावाला समाजमंदिर हवं होतं. खेटे घालून निधी मी आणला, पण गावठाणात जागा नव्हती. मोकळी जागा होती ती चर्चच्या शेजारी, चर्चचीच. ग्रामसभेत मी विचारलं, "सरकारी पैसा चर्चच्या जागेत कसा घालायचा?"

प्रश्न रास्त होता. बाबा उठले. "आवं सरपंच, मग जागाच गावाच्या नावावर करू. आमचं चर्च ल्हान पडतं, उपासनेला फकस्त रविवारची सकाळ द्या."

"आन् रविवारी लगीन निघालं तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"तर आमी लवकर उरकतो. आन् जेवायला थांबतो."

सभा हसली. मला हसू आलं नाही.

सांगलीच्या वरिष्ठांची मंजुरी बाबांनीच मिळवली आणि समाजमंदिर उभं राहिलं. शनिवारच्या लग्नाची सजावट रविवारी हलवायची नाही, ही बाबांची रीत. भिंतीला ग्रामदैवत सिद्धनाथाची तसबीर असली तरी समोर उपासना चालायची. "पाहुण्याचं सामान हलवू नये," ते आपल्या मंडळींना सांगायचे. गावाला याचं लय कौतुक.

आमच्याकडे लग्नाची पहिली पत्रिका सिद्धनाथापुढे ठेवतात, दुसरी सरपंचाला देतात. पुढं पुढं दुसरी पत्रिका बाबांकडे जायला लागली. एका बापाला मी टोकलं. तो म्हणाला, "तुमी काय घरचंच की." निधी आणणारा मी घरचा, आणि मान बाबांचा.

एक दिवस मी सांगलीला गेलो आणि त्यांच्या वरिष्ठांना भेटलो. म्हणालो, तुमच्या पाळकामुळं गावात दुफळी माजलीय. दुफळी कुठंच नव्हती. बाबांना निवृत्तीनंतर आमच्याच गावात राहायचं होतं, चर्चमागच्या दोन खोल्यांत. तसं ते सगळ्यांना सांगत. मलाही सांगितलं होतं. त्यांची सांगलीला बदली झाली, खोल्या नव्या पाळकाकडे गेल्या. 'बाबांना शहर गोड लागलं, बदली त्यांनीच मागितली,' ही आवई मीच उठवली. गावानं ती खरी मानली.

निघायच्या दिवशी एसटीपाशी ही गर्दी. बायका रडत होत्या. बाबा माझ्याजवळ आले. "सरपंच, सांगलीला गेला होता म्हणं. आमचं घर हाय तिथं, जायचं की, चहा तरी मिळाला असता." एवढंच बोलले आणि गाडीत बसले. आवाजात राग नव्हता. त्याचाही मला हेवा वाटला.

गेल्या महिन्यात बाबा सांगलीत वारले. समाजमंदिरात शोकसभा झाली. कुणीतरी म्हणालं, "माणूस चांगला, पर आपल्याला सोडून गेला." आता मी बोलायचं म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी 'थोर माणूस' एवढं बोलून खाली बसलो.

म्हणून हे लिहून देतो. बाबा गाव सोडून गेले नाहीत, मी त्यांना घालवलं. हे वाचून लोक त्यांना आणखी मानतील, हे मला कळतं. आणि खरं सांगायचं तर तेवढंही मला अजून टोचतं.