दामूदादा पाण्यात उतरले: मालवणच्या बेटांवरचा एक दिवस

पनवेलहून मालवणला लोक मासे खायला आणि फोटो काढायला जातात. मी गेले ते एका मुलीला परत आणायला. निदान मला पाठवलं तरी त्यासाठीच होतं.

दामूदादा उरणकडचे कोळी. खाडीत भराव टाकण्याविरुद्धच्या सभांमध्ये आमची ओळख झाली. मी बोलायची, ते पहिल्या रांगेत बसून ऐकायचे आणि सभा संपली की म्हणायचे, "ताई, बोललीस झ्याक, पन खाडी काय ऐकत नाय." त्यांची मुलगी रेश्मा वर्षभर मालवणला होती. तिथे ती पाण्याखाली पोहायला शिकली आणि पर्यटकांना घेऊन उतरणाऱ्या एका बोटीवर लागली. आता बोटवाल्याने तिला कायमचं ठेवायचं म्हटलं होतं. इकडे दामूदादांच्या पुतण्याने जासईच्या एका कंटेनर गोदामात तिच्यासाठी जागा बघून ठेवली होती. टेबल, खुर्ची, डोक्यावर पंखा. आठवड्याच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं.

"तू तिला समजव," दामूदादा म्हणाले. "तुजं तोंड चालतं."

त्याच रात्री रेश्माचा फोन आला. "आत्या, बाबांना घेऊन ये आणि तूच त्यांना समजव. तुझं ऐकतात ते."

माझी पंचाईत अशी की दोन्ही बाजू मला पटत नव्हत्या. ज्या बंदराने यांची खाडी गिळली, त्याच बंदराच्या गोदामात मुलीला बसवायचं? आणि दुसरीकडे, समुद्राची जत्रा करून तिकिटं फाडणारा हा पर्यटनाचा धंदा, त्याला तरी मी चांगलं कसं म्हणू? तरीही निघालो. स्टेशनवर सोडायला आलेल्या कमळवहिनी, म्हणजे दामूदादांच्या बायको, पनवेलच्या बाजारात मासळी विकतात. त्या एवढंच म्हणाल्या, "तिला घेऊनच या."

जाणाऱ्यांसाठी सांगते. पनवेलहून रात्रीची कोकणातली गाडी पकडली की सकाळी कुडाळ. आरक्षण खूप आधी करा, नाहीतर दाराजवळ बसून जावं लागेल. कुडाळहून मालवणला एसटी आहे, रिक्षाही आहेत. रिक्षावाल्याशी भाडं आधी ठरवा. रस्ता काजू-आंब्याच्या बागांतून जातो, तासाभराचा, आणि अधूनमधून वळणावर अचानक भाताचं खाचर समोर येतं. आम्ही गेलो ते दिवाळी उलटल्यानंतर. पावसाळ्यात समुद्रातले हे सगळे खेळ बंद असतात आणि पाऊस सरल्यावरही पाणी निवळायला वेळ लागतो. त्यामुळे थंडीच उत्तम.

जेट्टीवर रेश्मा उभी होती. उन्हाने काळवंडलेली, केस कापलेले. दामूदादांनी आधी केसांकडे पाहिलं.

"हे काय केलंस?"

"ओले केस वाळत नाहीत बाबा."

"तुज्या आयला दाखवू नको."

किल्ल्याला जाणाऱ्या बोटी वेगळ्या आणि स्नॉर्केलिंगच्या वेगळ्या. दोन्हींचे पैसेही वेगळे. रेश्माची बोट मात्र दोन्हीकडे नेणारी; तिच्यावर पुण्याचं एक कुटुंब आणि आम्ही. स्पीकरवर कुठलंसं हिंदी गाणं दणदणत होतं. माझ्या कपाळावर आठी चढली, बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात दामूदादांनी पिशवीतून नारळ काढला. बोटीवर पाय ठेवण्याआधी त्यांनी तो पाण्याला दाखवला, डोळे मिटले आणि सोडला. पुण्याच्या मुली खुसूखुसू हसल्या. सुकाणूवरच्या बाबलने मात्र गाणं बंद केलं, टोपी काढली.

"काका, तुमी खंयचे?"

"उरनचा."

"मगे पुढे येऊन बसा."

परत गाणं लागलं नाही. माझ्या भाषणाची गरज पडली नाही, हे मी तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

सिंधुदुर्ग किल्ल्याचं बेट आधी केलं. तटावरून चालताना एका बाजूला गाव दिसतं, दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी. आत माणसं राहतात, विहिरींना गोडं पाणी आहे, ताक आणि कोकम सरबत मिळतं. तटाच्या पायथ्याशी प्लास्टिकच्या बाटल्या होत्या, त्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. ज्यांनी टाकल्या त्यांना माझं म्हणणं ऐकू गेलं.

मग किल्ल्याच्या पलीकडे, खडकांच्या आडोशाला बोट थांबली. पाणी हिरवं, खालचा खडक स्पष्ट दिसणारा. स्नॉर्केलिंगला पोहता यावं लागत नाही. अंगात जॅकेट, डोळ्यांवर काच, तोंडात नळी आणि धरायला हवा भरलेली रिंग. मी उतरले. चाळीस वर्षं माइकसमोर उभी राहिलेली बाई, तोंडात रबर धरून गप्प. पहिली दोन मिनिटं जीव गुदमरला. मग श्वास बसला आणि खाली पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे दिसले, खडकाच्या कपारीत शिरणारे, परत बाहेर येणारे. मी खाडीवर इतकं बोलले आहे, पण पाण्याच्या आत कधी पाहिलंच नव्हतं.

दामूदादा उतरायला तयार नव्हते.

"कोली पान्यात कवा उतरतो, ठावं हाय?" ते बोटीच्या कडेवरून म्हणाले. "होडीच्या पंख्यात जालं अडकलं की. नायतर होडी बुडाली की. हौसेनं कोन उतरतो?"

"बाबा, मी खाली काय करते ते तरी बघा," रेश्मा म्हणाली.

"काय बघायचं? लोकांना मासं दाखवतेस. आमी मासं धरतो, तू दाखवतेस. ह्यात काम कुठं हाय?"

 रेश्माने काच त्यांच्यापुढे धरली. बराच वेळ धरून ठेवली. शेवटी ते पुटपुटत उतरले, आणि पाण्यात तोंड घातल्यावर एकदम वर काढून माझ्याकडे बघत राहिले. "माजं पाय दिसतान," ते म्हणाले. आमच्याकडच्या गढूळ खाडीत उभा जन्म काढलेल्या माणसाने समुद्रात स्वतःचे पाय पहिल्यांदा पाहिले होते.

तेवढ्यात वारा फिरला. बोट सरकली आणि तिच्याबरोबर नांगर खाली फरफटायला लागला, थेट जिवंत प्रवाळावरून. रेश्माने मोठा श्वास घेतला आणि डोकं खाली घालून गेली. दोन पुरुष खोल तरी असेल. मी वरून पाहत होते. तिने नांगराचा आकडा खडकातून सोडवायला धरला, पण दोरी ताणलेली. हलेना. ती पायाने रेटत होती.

माझ्या शेजारी पाण्यात मोठा गुडगुडाट झाला. दामूदादा नळी थुंकून पाण्याखालीच ओरडले होते. होडीवर ओरडायची सवयच ती. खारं पाणी प्यायले, ठसकले, मान वर काढून पुन्हा ओरडले, "अरं दोरी ढील दे! पोर खाली हाय!"

बाबलने विचारलंही नाही कोण ओरडलं. दोरी सैल सोडली. खाली रेश्माने नांगर उचलला, पोटाशी धरला आणि वाळूच्या पट्ट्यावर नेऊन ठेवला. वर येऊन धापा टाकत तिने विचारलं, "कोण ओरडलं रे?"

"तुजो बापूस," बाबल म्हणाला.

दामूदादा रिंगेला धरून खोकत होते. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही दोरीबद्दलच बोलायला लागले. कुठली दोरी, किती जुनी, गाठ कोणी मारली.

जेवण मालवणात. सुरमईची थाळी, तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं सुकं, सोलकढी. दामूदादांनी बांगड्याचा वास घेऊन वेटरला सांगितलं, "ह्यो परवाचा हाय." वेटर हसला, बांगडा बदलून आणला. दुपारी देवबागला गेलो. तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते आणि मुखाशी वाळूचं छोटं बेट आहे, सगळे त्याला त्सुनामी बेट म्हणतात. बोटीने पाच-दहा मिनिटं. बेटावर भजी, चहा आणि पाण्यातल्या स्कूटरींचा गोंगाट. तुम्हाला शांतता हवी असेल तर इथे थांबू नका, नदीतून वर जाणारी फेरी घ्या. माडांच्या सावलीतून ती जाते आणि फारसं कोणी बोलत नाही.

रेश्माने मला बाजूला घेतलं. "आत्या, बोललीस का बाबांशी?"

मी म्हटलं, "अजून नाही."

दामूदादांनी ते ऐकलं. "ताई, तू आता कायबी बोलू नको," ते म्हणाले. आणि चहा संपवला.

रात्रीच्या गाडीने आम्ही दोघंच परतलो, पहाटे पनवेल. स्टेशनबाहेर चहा घेताना त्यांनी पुतण्याला फोन लावला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. "काका, येडा झाला काय? पोर मासं दाखवनार?"

"ती दर्यात काम करते," दामूदादा म्हणाले, आणि फोन ठेवला.

माझं मत अर्धंच बदललं आहे. स्पीकर, बाटल्या, प्रवाळावर पाय देऊन काढलेले फोटो यांच्याशी माझं भांडण मरेपर्यंत राहील. जाल तेव्हा बोटवाल्याला एवढं विचारा की नांगर कुठे टाकतोस. उत्तर देता आलं नाही तर दुसरी बोट बघा. पण समुद्र वरून बघून त्याच्या बाजूने बोलणं आणि आत बघून बोलणं यांत फरक आहे, एवढं मला मान्य करावंच लागेल.

कमळवहिनी माझ्यावर रागावल्या. दोन आठवडे त्या बाजाराला जाताना माझ्या दारावरून मासळीची पाटी घेऊन सरळ पुढे गेल्या. तिसऱ्या आठवड्यात थांबल्या. पाटी उतरवली, कोळंबी निवडून ठेवली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या पान्यात खरंच तल दिसतो?"

"दिसतो," मी म्हटलं. "वाळूचा कण न् कण."

त्या थोडा वेळ पाटीवरचं ओलं फडकं सारखं करत राहिल्या.

"मंग पोर खाली गेली तरी वरून दिसंल," त्या म्हणाल्या, आणि पाटी डोक्यावर चढवायला मला हात लावायला सांगितलं.